पायलीनं मोजलेलं व्याज

आत्याबाई,

गोदाचा वाकून नमस्कार. नमस्कार केला तरी राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे! त्यांच्या घराच्या कागदाची मुदत उद्या भरत नसणार.

आपली भरते आहे. उद्या सकाळी माणहून आपले सावकार गणूतात्या येणार, त्यांच्याबरोबर पौडचा तो दस्त लिहिणारा कारकून येणार, आणि सूसच्या या घरावरच्या तीनशे रुपयांना यापुढं व्याज कोणत्या दरानं द्यायचं ते आम्ही सांगायचं. नाही सांगितलं तर महिन्याभरात तीनशे रुपये एकरकमी मोजायचे. नाही मोजले तर घर त्यांचं. तुमचा लेक गवताची गाडी घेऊन पुण्याला गेलाय. घरात मी एकटी आहे, आणि भांडायला कुणी नाही. तुम्ही असतात तर समोरासमोर बोलले असते. नाही आहात, म्हणून ही पेन्सिल घेऊन बसले.

असतात तर खरंच बोलले असते का? नसते. सून म्हणून नऊ वर्षं तुमच्या हाताखाली काढली, कधी वर तोंड करून बोलले? पण आता बोलणार आहे.

हे घर तुम्हीच पसंत केलंत. आपलं गाव धरणाच्या पाण्यात जाणार हे पक्कं झालं, जमिनीचे पैसे हातात पडले, आणि बाकीची माणसं कपाळाला हात लावून बसली होती तेव्हा तुम्ही पदर खोचून घर बघायला निघालात. खोऱ्यातून सूसपर्यंत, चालत! मी मागं मागं. भिंतीवर मूठ मारून बघितलीत, चुलीपाशी बसून धूर कुठून जातो ते विचारलंत, आणि मालकाला म्हणालात, "कौलं फुटल्याली हायेत. शंभर कमी कर." त्यानं साठ कमी केले. तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटला होता मला! असं तोंडानं बोलून दाखवायची आपल्या घरात पद्धत नव्हती, म्हणून ते राहून गेलं.

घर सहाशेला ठरलं. जमिनीच्या पैशांतले तीनशे दिले, बाकीच्यात बैल आणि गाडी घेतली, आणि उरलेल्या तीनशेसाठी हेच घर गणूतात्यांकडे गहाण ठेवलं. इथवर मला सगळं कळत होतं. मग व्याजाचं बोलणं निघालं, आणि तुम्ही म्हणालात, "व्याज तांदळानं दिऊ. वर्साला सा मण."

का, आत्याबाई? का?

मी घरी आल्यावर भीतभीत विचारलं होतं. आठवतं? तुम्ही भाकरी थापत होता. मान वर न करता म्हणालात, "रुपयाचं काय सांगावं? आज हितं, उद्या तितं. पायली ती पायली. ती काय वाढतीया व्हय?"

पायली वाढत नाही, कबूल. पण तिची किंमत वाढते! हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण जन्मात तुम्ही तांदूळ विकत घेतला नव्हता. कणगीत हात घालायचा आणि काढायचा, एवढंच आपल्या खोऱ्यातल्या बाईला ठाऊक. तांदळाला भाव असतो, तो चढतो आणि उतरतो, ही पुण्याच्या माणसांची गोष्ट. आणि ज्या खाचरांत तो तांदूळ पिकत होता, ती खाचरं तर पाण्याखाली चालली होती! खाचरं गेली म्हणून घर घ्यायचं, आणि त्या घराचं व्याज त्याच खाचरांतून द्यायचा शब्द द्यायचा. अशी चूक आपल्याच माणसांनी करावी. इथल्या सूसच्या बाया ज्वारीची भाकरी खातात. त्यांच्यातली एकही असं बोलली नसती.

पहिलं वर्ष तुमच्या मनासारखं गेलं. शेवटचं भात आपण कापून आणलं होतं. तुम्ही गावाकडून आणलेली तुमची ती पायली काढलीत, ओटीवर पोतं अंथरलंत आणि मोजायला बसलात. लाभ, दोन, तीन... पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, हे गणूतात्यांच्या गड्याला तुम्हीच बजावलंत. शीग लावून माप भरत होतात, सांडलेला दाणान् दाणा वेचून परत टाकत होतात. व्याज देणारी बाई इतक्या रुबाबात बसलेली मी कुठं बघितली नाही. त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. सुटलात! पुढचं बघायला नको म्हणूनच गेलात की काय, असं माझ्या मनात किती वेळा आलं असेल.

दुसऱ्या वर्षी कणगी रिकामी. आम्ही दोघं पुण्याला भुसार बाजारात गेलो. दुकानदारानं तांदळाचा भाव सांगितला, मणाला आठ रुपये. "आठ? भांग खाल्लीस का?" तुमचा लेक म्हणाला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "खोऱ्यातला माल यायचा बंद झालाय, पाव्हणं. तुमी कुटलं?" काय सांगणार? आम्ही त्या खोऱ्यातलेच, असं सांगायचं? गुमान सहा मण घेतला. दोन्ही शेळ्या त्यात गेल्या.

त्या दिवशी घरी येऊन मी चिंचोके मांडून हिशेब केला. तुम्ही ठरवलंत तेव्हा तांदूळ सहा रुपये मण होता. सहा मणांचे छत्तीस. म्हणजे तीनशेवर महिन्याला शेकडा एक रुपया. आता अठ्ठेचाळीस झाले. म्हणजे शेकडा एक रुपया, पाच आणे आणि वर काही पै! कागदावर काहीच बदललं नव्हतं. सहा मण ते सहा मण. आणि तरी आमचं व्याज बदललं होतं. मी चिंचोके तीनदा मोजले. मग चुलीपुढं बसून खूप रडले. तुमच्यावर, बाजारावर, धरणावर, सगळ्यांवर एकदमच चिडले होते.

तिसऱ्या वर्षी साडेसात. माझे हातातले चांदीचे गोठ गेले. तुम्हीच घातले होते ते मला. बोलत नाही त्याबद्दल जास्त.

तरी मनाची समजूत घातली होती, की आता भाव कळतो, सुगीतच घेऊन ठेवू, चार पैसे वाचतील, असंच चालवू. तर गेल्या आठवड्यात गणूतात्यांचा गडी निरोप घेऊन आला. "तीन वर्सं भरली. आता व्याजाचं नव्यानं ठरवायचं. कागदातच हाय तसं."

कागदात? तुमचा लेक म्हणाला, "आयनं तर कायमचं ठरीवलंवतं." आणि मग माझ्याकडं वळून, "तूच वाचलावतास न्हवं?"

मी पाणी आणायचं निमित्त करून घागर घेऊन बाहेर पडले.

परवा मी एकटीच माणला गेले. गणूतात्या गोठ्यात होते. पाटावर बसवलं, गुळपाणी दिलं. वाईट माणूस नाही हो तो. तेच तर दुखणं आहे! लुबाडणारा असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मी म्हटलं, "तात्या, आत्याबाईंनी कायमचा तांदूळ ठरीवलावता."

"पोरी, मला तांदूळ नगंच व्हता," ते म्हणाले. "आमच्या घरात समदी जवारीची भाकरी खात्यात. मी रोकड मागत व्हतो, रुपया शेकडा. तुजी सासू हटूनच बसली. म्हनली, रुपया मला मोजता येत न्हाई, कुनीबी फसवंल. तांदूळ मोजताना मला ब्रम्हदेवबी फसवनार न्हाई. म्हनून तीन वर्सं मी मान्य केलं. पर तीनच. त्ये लिवलं व्हतं."

तुम्हाला, 'शंभर कमी कर' म्हणणाऱ्या बाईला, रुपये मोजता येत नव्हते? नऊ वर्षांत मला कळलं नाही! बाजारात तुम्ही नेहमी मला पुढं करत होता. मला वाटायचं, सुनेला राबवायची हौस. तसं होतं तर मला सांगायचं ना! मी शिकवलं असतं. दोन दुपारी पुरल्या असत्या. एवढी कसली लाज, आत्याबाई?

मग त्यांनी पुढचं सांगितलं. दोन वाटा आहेत. एक, सव्वा रुपया शेकडा, पाच वर्षं तोच दर, काही झालं तरी बदलायचा नाही. दुसरी, यंदा नुसते बारा आणे!

"बारा आणे?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आन् फुडं?"

"फुडचं फुडं. मीबी पैका पुन्याच्या पेढीवरनं उचलतोय. त्यो पेढीवाला आज मला आठ आन्यानं देतुया. त्यावर माजे चार आणे. उद्या त्यानं दर वाढीवला तर तुजाबी वाढंल. त्यानं उतरीवला तर उतरंल. माजे चार आणे तेवढं तसंच."

"मंग फुडल्या साली किती हुईल?"

"मला काय ठावं?"

"तुमालाबी ठावं न्हाई?"

"न्हाई गं पोरी. त्या पेढीवाल्याला तरी कुटं ठावं असतंया? लढाईच्या दिसांत दीड रुपया घेतलावता त्यानं माज्याकडनं. मी लई आदळआपट केली. काय उपेग?"

म्हणजे बघा. तुम्ही घाबरत होता गणूतात्यांना, गणूतात्या घाबरतात पेढीवाल्याला, आणि पेढीवाला आणखी कुणाला घाबरत असेल देव जाणे. या सगळ्या घाबरटांचं ओझं येऊन पडलंय आपल्या फुटक्या कौलांवर! माणूस घर घेतो ते निवांत बसायला. इथं दर वर्षी उठून पुण्याच्या पेढीकडं कान लावून बसायचं की काय?

घरी आले तर तुमचा लेक खूश. "बारा आणे म्हंजे वर्साचे सत्तावीस. सव्वा रुपयानं पंचेचाळीस. अठरा रुपये वाचत्यात की गं! बैलांची पेंड निगंल." मी म्हटलं, आणि पेढीचा दर दीड रुपयाला गेला की पावणेदोन होतील, वर्षाचे त्रेसष्ट, ते कुठून काढायचे? तर म्हणतो, "जाईल तवा बघू." जाईल तेव्हा बघू! तेव्हा विकायला काय उरलंय घरात? शेळ्या नाहीत, गोठ नाहीत. आता नुसते बैल आहेत. ते विकले तर गाडी कोण ओढणार, आणि पुढच्या महिन्याचं व्याज कुठून यायचं? दोन दिवस आमचं बोलणं बंद आहे.

काल भाकरी थापता थापता माझ्या एक लक्षात आलं. तुम्ही तांदूळ मागितलात तो खाण्याच्या प्रेमानं नाही. तुम्हाला उद्या किती द्यायचं ते आज कळायला हवं होतं. न बदलणारं काहीतरी हवं होतं, आणि तुमच्या माहितीत न बदलणारं एकच होतं, तुमची पायली. मागणं बरोबर होतं हो! माप तेवढं चुकलं. एवढं कळायला मला तीन वर्षं लागली आणि तुमच्या नावानं बोटं मोडून झाली.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते. पेन्सिल दोनदा तासून झाली, आता निमित्त उरलं नाही.

तो कागद झाला त्या दिवशी ओटीवर सातआठ पुरुषमाणसं होती. कारकुनानं तो भराभरा वाचून टाकला. एक शब्द धड कळला नाही. मग "निशाणी करा" म्हणाला. तुमचा लेक सहीच्या जागी नांगराचं चित्र काढायला वाकला, आणि नांगर तर आपण त्याच आठवड्यात विकला होता. तुम्ही त्याचा हात धरलात. म्हणालात, "थांब. माजी सून वाचंल. मास्तरची लेक हाय ती. तिनं बराबर हाय म्हनलं म्हंजी बराबर हाय."

आत्याबाई, नऊ वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा नावाजलंत. भाकरी कच्ची, पदर वेडावाकडा, पाणी कमी, सरपण जास्त, याच्यापलीकडं तुमच्या तोंडून माझं नाव निघालं नव्हतं. आणि त्या दिवशी एवढ्या माणसांपुढं, ताठ मानेनं, "माजी सून वाचंल"! माझे कान तापले. मी कागद हातात घेतला.

कागद मोडीत होता.

मला बाळबोध येतं. छापलेलं पुस्तक मी घडाघडा वाचते. माझ्या वडिलांनी शाळेत बसवून शिकवलं तेवढं सगळं येतं. मोडी ते पुढच्या वर्षी शिकवणार होते, आणि त्या आधीच माझं लग्न तुमच्या घरात लावून दिलं. हात न उचलता लिहिलेल्या त्या ओळी, एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात. तुमचं नाव कळलं. सूस कळलं. तीनशे कळलं. बाकी सगळं गिचमिड. कुठंतरी त्यात "तीन वर्षांनी व्याज नव्यानं ठरवावं" असं होतं, आणि माझी नजर त्यावरून नुसती फिरून गेली.

मला येत नाही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. कारकुनानं पुन्हा हळू वाचला असता. तुम्ही विचारलं असतंत, तीन वर्षांनी म्हणजे काय? आणि तुम्ही एकदा विचारायला लागलात की सोडत नव्हता! सव्वा रुपया काय, रुपयाच पाच वर्षांसाठी बांधून घेतला असतात तुम्ही त्यांच्याकडून.

मी म्हटलं, "बराबर हाय."

मग तुमच्या लेकानं नांगराचं चित्र काढलं आणि तुम्ही बांगडीचं. विधवा बाईनं निशाणी म्हणून बांगडी काढायची! कारकून गालात हसला. तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर तुमचा एवढा भरवसा होता.

आणि परवा? परवा गणूतात्यांनी पेटीतून तोच कागद काढून माझ्यापुढं धरला, "बघ की, तूच वाचलावतास." मी बघितला. मान हलवली. दुसऱ्यांदा! तुम्ही नाही, कुणी ऐकायला नाही, तरी माझी जीभ उचलली नाही. कुणाला एवढी घाबरते मी? स्वतःला चार थोबाडीत माराव्यात असं वाटत माणहून चालत आले. तीन वर्षं तुमच्या पायलीला बोल लावत होते, आणि खोटं मी बोलले होते.

असो. ठरवलंय ते सांगते. सव्वा रुपयाच घ्यायचा. पाच वर्षं, महिन्याला पावणेचार रुपये, एक पै कमी नाही की जास्त नाही. गवताच्या खेपांतून दर बाजाराला बाजूला काढता येतात, मी चिंचोके मांडून बघितलंय. महाग आहे, पण किती महाग ते आज कळतंय. आणि मधे कधी पैसे साठले तर मुद्दल फेडायची मोकळीक हवी, तेही लिहून घेणार. तुमचा लेक रुसेल. रुसू दे. तुमचाच मुलगा आहे, दोन दिवसांनी भाकरी मागायला येईलच.

उद्या तो कारकून पुन्हा मोडीतच लिहिणार. वाचून झालं की तुमचा लेक सवयीनं माझ्याकडं कागद देणार, आणि ओटीवरची सगळी माणसं माझ्याकडं बघणार. आत्याबाई, शब्द देते. कागद हातात घेईन आणि सगळ्यांच्या देखत म्हणेन, "मला मोडी येत न्हाई. तवाबी येत नव्हती. बोट ठिवून हळू वाचा." जिथं कळणार नाही तिथं थांबवेन, दहा वेळा थांबवावं लागलं तरी. सगळं कळल्याशिवाय कुणाला निशाणी करू देणार नाही. हसायचं त्यानं हसावं.

तुम्ही मला एकदाच नावाजलंत, आणि ते नावाजणंही माझ्या हक्काचं नव्हतं. उद्या ते चारचौघांतच परत करते.

तुमची सून,
गोदा